रंगवलेल्या तबकडीला भुलू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या मनगटी घड्याळांच्या छंदावर आलेला लेख आवडीनं वाचला. लिलावात गाजलेली घड्याळं, मोठमोठ्या स्विस कंपन्यांची नावं, सगळं त्यात होतं. पण तो लेख वाचून ज्यांना पहिलं जुनं घड्याळ घ्यावंसं वाटलं असेल, त्यांतल्या बहुतेकांकडे लिलावाला पुरतील एवढे पैसे नसणार. थोडेथोडे साठवलेले पैसे असणार, आणि ते एकदा गेले की लवकर पुन्हा जमणार नाहीत. अशी माणसं माझ्या टेबलासमोर नेहमी बसतात, कारण घड्याळदुरुस्ती हाच माझा धंदा आहे. ती येतात ती घड्याळ घेऊन झाल्यावर. घेण्याआधी विचारायला फार थोडे येतात. त्यांच्यासाठी हे पत्र, म्हणून जरा लांबलं तरी कृपया छापावं.

मध्यंतरी एक तरुण मुलगी असंच नुकतंच घेतलेलं घड्याळ घेऊन आली. पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेलं. डायलवर एका बड्या स्विस कंपनीचं नाव, पांढरीशुभ्र तबकडी, चकचकीत काटे. 1950 च्या सुमाराचं आहे आणि अगदी नव्यासारखं राहिलंय, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मी आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, डोळ्याला लावला. तबकडीवर तासांच्या धातूच्या खुणा वेगळ्या बसवलेल्या होत्या आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला मिनिटांचे ठिपके छापलेले होते. खूण आणि ठिपका एका रेषेत यायला हवेत. इथे चारपाशी ठिपका एका बाजूला सरकलेला, आठपाशी दुसऱ्या. छोट्या सेकंदकाट्याच्या वर्तुळातली फुली मध्यापासून ढळलेली. कंपनीच्या नावाची अक्षरं कडांना फुगलेली, टीपकागदावर शाई पसरावी तशी. सहाच्या आकड्याखाली, तबकडीच्या अगदी कडेला, जिथे बारीक अक्षरांत ‘स्विस’ छापलेलं असतं, तिथे काहीच नाही. मागचं झाकण उघडलं तर मशीनचा एक ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, तांबूस आणि शेजारचा पांढरा. म्हणजे तबकडी पुन्हा रंगवलेली, आणि मशीन दोन घड्याळांतून जुळवलेलं. तिला सगळं आयग्लासमधून दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, “मग मी घेताना काय बघायला हवं होतं?”

मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पैसे मोजके असतील तर मोठ्या नावाचं रंगवलेलं घड्याळ घेऊ नये. लहान नावाचं, पण ज्याची तबकडी, काटे आणि मशीन कारखान्यातून निघाली तशी टिकून आहेत असं घड्याळ घ्यावं, आणि काही पैसे सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवावेत.

लहान नाव म्हटलं की लोक बिचकतात. ‘ही कंपनी कधी ऐकली नाही, म्हणजे घड्याळ हलकं असणार,’ असं त्यांना वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचा धंदा कसा चालायचा ते माहीत असलं तर ही भीती राहत नाही. जुरा पर्वताच्या भागात मशीनचा सांगाडा बनवणारे कारखाने वेगळे आणि तो घेऊन, जोडून, आपल्या नावाची तबकडी लावून विकणारे वेगळे, अशी कामाची वाटणी फार जुनी आहे. फोंतनमेलों गावातला कारखाना 1793 चा. ग्रेन्शन गावात अडॉल्फ शिल्ड यांचा कारखाना 1896 मध्ये सुरू झाला आणि ‘ए. एस.’ ही दोन अक्षरं घड्याळवाल्यांच्या रोजच्या ओळखीची झाली. 1926 मध्ये हे दोन आणि ए. मिशेल असे तीन मोठे कारखाने ‘एबोश एस. ए.’ या एका छत्राखाली आले. 1932 मध्ये एटर्ना कंपनीचा मशीन बनवणारा भाग वेगळा होऊन ‘एटा’ झाला आणि तोही त्यांना मिळाला. शेकडो छोट्या-मोठ्या कंपन्यांनी आपापल्या घड्याळांत यांचीच मशीन बसवली. त्यामुळे डायलवरचं नाव कुणाच्या ओळखीचं नसलं तरी आत ज्याच्यावर मी डोळे झाकून भरवसा ठेवीन असं मशीन निघू शकतं, आणि बऱ्याचदा निघतंही.

उदाहरण म्हणून ए. एस. 1130 घ्या. साधारण 29 मिलिमीटर व्यासाचं, चावीचं, छोट्या सेकंदकाट्याचं मशीन. 1940 च्या दशकात कितीतरी नावांच्या घड्याळांत ते गेलं. माझ्याकडे आलेल्या अशा एका घड्याळाच्या डायलवरचं नाव मीही पहिल्यांदाच वाचत होतो. तबकडी मुळात पांढरी असणार, आता ती सायीच्या रंगाची झाली होती, दोनच्या आसपास तपकिरी ठिपके पडले होते. पण मिनिटांची रेघ न् रेघ सुईच्या टोकानं ओढल्यासारखी, ‘स्विस’ जागच्या जागी, मिनिटकाटा बरोबर मिनिटांच्या वर्तुळाला टेकणारा. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांनी सुईनं कोरलेल्या खुणा होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. आम्ही लोक काम केलं की अशी खूण ठेवतो. त्या दिसल्या की मला बरं वाटतं, कारण कुणीतरी त्या घड्याळाची वेळोवेळी काळजी घेतलेली असते. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या, कुठे गंज नाही. साफ करून तेल दिलं आणि बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे फिरून घड्याळाची चाल राखणारं चाक, असा मोकळा फिरायला लागला की बघत राहावं. ते घड्याळ त्या बड्या नावाच्या घड्याळापेक्षा खूप स्वस्तात मिळालेलं होतं.

सगळ्याच स्वस्त स्विस घड्याळांना मात्र हे लागू नाही. जॉर्ज रोस्कॉफनं 1867 मध्ये सामान्य माणसाला परवडेल असं घड्याळ काढलं आणि त्या घराण्यातली पिन लिव्हरची मशीन पुढे शंभर वर्षं निघत राहिली. चांगल्या लिव्हर मशीनमध्ये एस्केप व्हीलच्या, म्हणजे ठोक्याठोक्याला थांबत पुढे सरकणाऱ्या चाकाच्या, दातांना अडवायला माणकाचे दोन तुकडे असतात. पिन लिव्हरमध्ये तिथे नुसत्या पोलादी पिना असतात. त्या झिजतात, आणि दुरुस्तीला परवडत नाहीत. पिन लिव्हर म्हणजे सरसकट टाकाऊ असंही मी म्हणणार नाही. ओरिस कंपनीला 1934 च्या स्विस कायद्यामुळे कित्येक वर्षं पिन लिव्हरच वापरावं लागलं, ते बंधन 1966 मध्ये सुटलं, आणि त्या बंधनातही त्यांनी फार चांगलं काम केलं. पण पहिलं घड्याळ घेणाऱ्यानं 17 ज्वेलचं, म्हणजे 17 खड्यांचं, लिव्हर मशीन बघावं. चावीच्या साध्या घड्याळात जिथे घर्षण जास्त तिथे खडा बसवायचा तर 17 पुरतात. कुणी जास्त ज्वेलचा आकडा दाखवून जास्त पैसे मागत असेल तर त्याला भुलू नये. एके काळी नुसता आकडा वाढवायला कामाशी संबंध नसलेल्या जागीही खडे बसवले जात.

काळ कुठला निवडावा? माझं मत स्पष्ट आहे: 1950 ते 1970. बॅलन्सच्या आसाची टोकं केसाच्या जाडीची असतात. घड्याळ हातातून पडलं की आधी तीच मोडतात. 1930 च्या दशकात इंकाब्लॉक आलं. यात बॅलन्सचा खडा एका नाजूक स्प्रिंगखाली बसवलेला असतो, तो धक्क्याबरोबर सरकतो आणि परत जागेवर येतो. पण हे घड्याळाघड्याळांत पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. 1950 नंतरच्या घड्याळात इंकाब्लॉक किंवा तशीच दुसरी सोय बहुधा सापडते. पूर्वीच्या निळ्या पोलादी मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, तुटायच्या. त्याच सुमाराला न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या स्प्रिंग आल्या. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, हीसुद्धा स्टेनलेस स्टीलची जास्त मिळते. रोज वापरायचं घड्याळ हवं असेल तर या तिन्ही गोष्टींनी फार फरक पडतो.

केसबद्दल एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असेल तर स्टील फक्त झाकणाचं. बाकीची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा. तो मुलामा पट्ट्याच्या कानांवर आणि चावीजवळ आधी उडतो, घाम पितळेला लागतो आणि तिथे खड्डे पडतात. सोन्याचा मुलामा असेल तर किती मायक्रॉन जाडीचा ते बहुधा झाकणावर छापलेलं असतं. 20 मायक्रॉनचा 10 पेक्षा साहजिकच जास्त टिकतो. केसला पॉलिश मारून घेऊ नये आणि मारलेली घेऊही नये. कानांच्या कडा धारदार असतील तर केस मूळची. साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तिच्यावर पॉलिशचं चाक फिरलेलं आहे, आणि गेलेला धातू परत आणता येत नाही. काचेवरच्या ओरखड्यांची काळजी मात्र करू नका. त्या काळची काच म्हणजे ॲक्रिलिक, घासून उजळते, नाहीतर थोडक्यात बदलून मिळते.

आता सर्व्हिसिंग. ‘चालू आहे’ आणि ‘सर्व्हिस झालेलं आहे’ यात फार अंतर आहे. तासाला 18,000 ठोक्यांचं मशीन म्हणजे सेकंदाला पाच ठोके, दिवसाला 4,32,000, वर्षाला पंधरा कोटींच्या वर. आतलं तेल आटून चिकट झालेलं असलं तरी घड्याळ चालतं, आणि चालतं हाच घोटाळा. कोरड्या खड्यात पोलादी टोक घासत राहतं, धूळ त्यात मिसळते, टोकावर चरे पडतात. साध्या सफाईत भागलं असतं तिथे मग सुटा भाग शोधायची वेळ येते. म्हणून मी सांगतो, हातातल्या पैशांचे तीन वाटे करा. दोन वाटे घड्याळाला, एक सर्व्हिसिंगला. स्वस्तात मिळालेल्या घड्याळाची पूर्ण खोलून केलेली सफाई त्याच्या किमतीइतकी पडू शकते, हे आधीच धरून चालावं. त्यानंतर चार-पाच वर्षं बघावं लागत नाही. नुसतं झाकण उघडून वरून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. तसं कुणी करून देत असेल तर नको म्हणा.

सुट्या भागांमुळेच मी सर्रास वापरलेल्या मशीनचा एवढा आग्रह धरतो. 1969 च्या डिसेंबरमध्ये सेकोनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले घड्याळकामगार सुमारे नव्वद हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर आले. कारखाने बंद पडले, हत्यारं भंगारात गेली, भागांचे साठे विखुरले. आज जुन्या मशीनचा भाग मिळतो तो बहुधा तशाच दुसऱ्या बंद घड्याळातून. ए. एस., एटा, फोंतनमेलों यांची मशीन लाखांनी निघाली, म्हणून त्यांचे भाग अजून सापडतात. रोमरसारख्या कंपन्या स्वतःची मशीन बनवत. घड्याळं सुंदर आहेत, पण त्यांचा एखादा भाग गेला तर तो त्यांच्याच दुसऱ्या घड्याळात शोधावा लागतो. क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचा, मोह तर पहिल्या खरेदीत आवरावाच. त्यातली कॅम, लिव्हर, बारीक स्प्रिंग बघून मलाही हरखायला होतं, पण ते उघडायचा खर्च साध्या घड्याळाच्या कितीतरी पट होतो. लहान बायकी घड्याळं स्वस्त मिळतात, पण इवलंसं मशीन उघडून नीट लावून देणारे हात आता कमी राहिलेत.

मोठं नाव हवंच असेल तर टिसो बघा. 1930 पासून ते ओमेगाच्या जोडीनं एकाच संस्थेत होतं, आणि त्याची साधी चावीची मशीन फार मजबूत आहेत. सर्टिना, सिमा, डोक्सा, एनिकार यांतही पैशाच्या मानानं उत्तम घड्याळं मिळतात. लाँजिनच्या बाबतीत एक सोय आहे. सें-इमिये गावातल्या त्यांच्या दप्तरात जुन्या घड्याळांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत, मशीनवरच्या क्रमांकावरून ते घड्याळ केव्हा आणि कुणाकडे पाठवलं हे कळू शकतं. पण लक्षात घ्या, क्रमांक मशीनचा आहे. त्यावरची तबकडी तीच आहे का, हे आपल्या डोळ्यांनीच बघावं लागतं.

विकणाऱ्याला मशीनचा स्वच्छ फोटो मागा. झाकण उघडायला तयार नसेल तर ते घड्याळ सोडून द्या, कितीही आवडलेलं असो. टाइमिंग मशीनवरचा, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा मागा. मात्र घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं एवढ्यावर थांबू नका. मशीनमधला चाल कमीजास्त करायचा काटा सरकवून तो आकडा कुणीही जुळवून देतो. बॅलन्स किती अंश फिरतो ते विचारा. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून तो 270 च्या आसपास असेल तर मशीन ठणठणीत आहे, 200 च्या खाली असेल तर ते दमलेलं आहे. घड्याळ हातात मिळालं तर चावी द्या. दाते सारखे लागले पाहिजेत, मध्येच घसरता कामा नये. चावी ओढून काटे फिरवा, ते अडखळता कामा नयेत. जुनं घड्याळ रोज अर्धा मिनिट पुढे-मागे झालं तर तक्रार करू नये. अचानक कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा लोहचुंबकाचा परिणाम असतो, तो क्षणात काढून मिळतो. ‘वॉटरप्रूफ’ अक्षरांवर विसंबून पाण्यात मात्र नेऊ नका. आतली रबरी कडी केव्हाच वाळलेली असते.

आणि रेडियम. जुन्या डायलवर, काट्यांत, अंधारात चमकणारा रंग भरलेला असेल आणि तो आता तपकिरी पडून चमकेनासा झाला असेल, तर ‘संपलं, आता काही धोका नाही’ असं समजू नका. चमकणारी पावडर मरते, रेडियम मरत नाही. ते निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. काच बंद आहे तोवर रंग आत राहतो. त्याची पूड श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली तर खरं भय आहे. म्हणून अशी घड्याळं घरी उघडू नयेत, रंग खरवडू नये, आणि लहान मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नयेत. 1960 च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आलं. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल तर ते ट्रिटियमचं. ते साधारण बारा वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे आजवर बरंचसं विरून गेलंय. पहिलं घड्याळ घेताना रेडियमचं टाळावं असं मी माझ्या घरच्यांनाही सांगेन.

विकणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. तबकडी रंगवणं हे हुनराचं काम आहे, गुन्हा नाही. कधीकधी तबकडी इतकी खराब झालेली असते की दुसरा उपायच नसतो. पण रंगवली असेल तर तसं सांगा आणि भाव तसा लावा. ज्यांच्या कपाटात आजोबांचं घड्याळ बंद पडून आहे त्यांनीही ते चकचकीत करून घ्यायची घाई करू नये. डाग पडलेली मूळ तबकडी राहू द्या, मशीन तेवढं साफ करून घ्या.

पत्रासोबत दोन तबकड्यांचे फोटो जोडले आहेत. डावीकडची मूळची, उजवीकडची पुन्हा रंगवलेली. दोन्ही एकाच प्रकारच्या घड्याळाच्या. जागा असेल तर शेजारीशेजारी आणि जरा मोठे छापावेत, कारण सहाच्या आकड्याखालचा फरक लहान फोटोत दिसणार नाही.

आपला,
एक घड्याळजी